पळून कोण गेलं?

मार्च २०२२ मध्ये कंपनीने मला चौदा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी आमच्या गावात, आर्णी तालुक्यात, मारुतीच्या पारावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे, मोबाइलवर फोटो. सत्कार केला आमच्या धाकट्या काकांनी. ते दोन शब्दही बोलले, "आपला पोट्टा साता समुद्रापार चालला. गावाचं नाव काढलं त्यानं."

याच काकांनी सहा महिने आधी, सप्टेंबर २०२१ मध्ये, माझ्या ताईबद्दल काढलेलं वाक्य मला पाठ आहे. "इथं माणसं मरून राह्यले, अन् हे चालली विमानात बसून. कायले डॉक्टर केलं मंग तिले?"

ताई एमबीबीएस आहे. ती इंग्लंडला सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घ्यायला निघाली होती. मी निघालो होतो एका कंपनीच्या गोदामातल्या खोक्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर दुरुस्त करायला. ती पळपुटी ठरली आणि मला पेढे मिळाले.

काका वाईट माणूस नाही. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचा सख्खा थोरला भाऊ, आमचे मोठे काका, कोरोनाने गेले. बेड मिळेपर्यंत दीड दिवस गेला होता. तेरवीला माणसं मोजून पंधरा. तिथेही कोणीतरी म्हणालंच, "घरात डॉक्टर असून काय उपयोग?" ताई तेव्हा दुसऱ्या तालुक्यातल्या कोविड केंद्रात ड्यूटीवर होती. तेरवीला ती आलीच नाही, कारण तिला सुट्टी नव्हती. हे वाक्य तिला कोणी सांगितलं नाही असं आम्हाला वाटत होतं. तिला ते त्याच दिवशी कळलं होतं.

काकांचा राग दुःखातून आलेला आहे, त्याच्याशी मी भांडणार नाही. माझं भांडण आहे त्याच रागाच्या आडून बोलणाऱ्या बाकीच्यांशी. 'महामारीत देश सोडून जाणारे डॉक्टर देशद्रोही' असा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. पाठवणारा बहुतेक वेळा पुण्यात, बंगळुरात नाहीतर न्यू जर्सीत बसलेला माझ्यासारखा इंजिनियर असतो. हे वाक्य देशप्रेमाचं वाटतं, पण त्याचं खरं काम हिशेब टाळायचं आहे. म्हणून आज हिशेबच मांडतो.

*

आधी तारखा.

ताईने यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं. मार्च २०१९ मध्ये इंटर्नशिप संपली. तेव्हा सरकारी कॉलेजात शिकलेल्याला एक वर्ष सरकारी सेवा करावी लागायची, नाहीतर दहा लाख रुपये दंड. याला सगळे बाँड म्हणतात. तिच्या ओळखीतल्या काहींनी पैसे भरून सुटका करून घेतली. ताईने वर्ष भरलं. आमच्याच जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिथे रात्री लाइट गेली की बाळंतपण मोबाइलच्या टॉर्चवर व्हायचं.

५ जानेवारी २०२० ला तिने पीजीची नीट दिली. ड्यूटी करून रात्री अभ्यास करणाऱ्याचा जसा रँक यायचा तसा आला. मेडिसिनची जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरलं. तेवढ्यात मार्च उजाडला.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. मीही वाजवली. हिंजवडीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून, स्टीलची. ताईचा बाँड संपत आला होता. ती घरी येऊन अभ्यासाला बसू शकत होती. तिने करारावर कोविडचं काम घेतलं. त्या कराराचा पगार एकदा तीन महिने आला नाही, तेव्हा तिच्या गाडीच्या पेट्रोलला मी पैसे पाठवत होतो. वर्क फ्रॉम होम करणारा धाकटा भाऊ पीपीई किटमध्ये उभ्या असलेल्या बहिणीला पेट्रोलला पैसे पाठवतो. थाळीचा आवाज जिरल्यावर आमच्या घरात महामारी अशी दिसत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मिळणाऱ्या वागणुकीला कंटाळून सामूहिक राजीनामे दिले होते. थाळ्या वाजून सहा महिनेच झाले होते.

आता परीक्षेचं पाहा. पुढची पीजी नीट जानेवारी २०२१ मध्ये व्हायची होती. ती गेली १८ एप्रिलवर. १८ एप्रिलला तीन दिवस उरले असताना पुन्हा पुढे ढकलली. ३ मे रोजी केंद्र सरकारने सांगितलं की परीक्षा आणखी किमान चार महिने होणार नाही, म्हणजे हे डॉक्टर कोविडच्या कामाला वापरता येतील. शेवटी परीक्षा झाली ११ सप्टेंबर २०२१ ला. पण परीक्षा झाली म्हणजे प्रवेश झाला असं नाही. आरक्षणाच्या निकषांचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, काउन्सेलिंग अडकलं, दिल्लीत निवासी डॉक्टर डिसेंबरच्या थंडीत रस्त्यावर बसले. काउन्सेलिंग सुरू झालं १२ जानेवारी २०२२ ला.

म्हणजे जी बॅच २०२१ च्या उन्हाळ्यात वॉर्डात उभी राहायला हवी होती, ती २०२२ उजाडेपर्यंत कागदावर होती. सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल चालतं निवासी डॉक्टरांवर. रात्रीचे सगळे सलाइन, सगळ्या नोंदी, सगळ्या शिव्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या वाट्याला. देशाला डॉक्टरांची सगळ्यात जास्त गरज होती त्याच वर्षी देशाने एक अख्खी बॅच रांगेत बसवून ठेवली, आणि कंटाळून जी मुलगी रांगेतून उठली तिला विचारलं, तू पळतेस का?

*

दुसरा आरोप असा की ती सरकारच्या पैशावर शिकली.

हो, शिकली. मीसुद्धा. मी अमरावतीच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजातून शिकलो. माझी प्रयोगशाळा, माझे प्राध्यापक, माझं हॉस्टेल, यातलं काहीही माझ्या फीमधून उभं राहिलेलं नव्हतं. माझ्या बॅचमधले किती जण आज देशाबाहेर आहेत ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. आयआयटीतून दरवर्षी विमानं भरून जातात आणि आपण त्यांच्या पगाराचे आकडे पेपरात पहिल्या पानावर छापतो. आमच्याकडून कोणी बाँड लिहून घेतला नाही. यवतमाळच्या पाणीपुरवठ्याला एक वर्ष दे, मग पुण्याला जा, असं मला कोणी म्हणालं नाही. आणि यवतमाळच्या पाण्याचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना कळेल की तिथेही इंजिनियरची गरज कमी नव्हती.

डॉक्टरला जास्त लागू होतं, कारण तिच्याशिवाय माणूस मरतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच बाँड योग्य आहे असं मी मानतो, आणि ताईही मानते. तिने तो पाळला. तो संपल्यावर आणखी दीड वर्ष काम केलं. मग तिच्या नावावर अजून किती बाकी आहे? की डॉक्टरचं कर्ज असं असतं की हप्ते भरत राहायचे आणि मुद्दल कधी सांगायचंच नाही?

या प्रश्नाला मुलगी असण्याचीही किनार आहे. मी जर्मनीला निघालो तेव्हा माझं लग्न किती लांबेल असं कोणी विचारलं नाही. ताई सव्वीस वर्षांची होती आणि 'तिकडं गेली की लग्नाचं राह्यलंच' हे वाक्य आईला रोज कोणीतरी ऐकवत होतं. २४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाई जोशींनी बंगालमध्ये सेरामपूरच्या कॉलेजात उभं राहून भाषण केलं होतं. मी अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला का जाते, मला इथेच का शिकता येत नाही, अशा प्रश्नांची उत्तरं त्यांनी एकेक करून दिली होती. त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. महिला दिनाला त्यांचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या आमच्याच नातेवाइकांनी ताईला तेच प्रश्न विचारले. उत्तर ऐकायला मात्र कोणी सभा भरवली नाही.

*

तिसरा आरोप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो शिकलेली माणसं करतात. "एमडी तर नाही ना ते? मग सार्वजनिक आरोग्य म्हणजे नेमकं काय? परत येऊन पेशंट कोणते तपासणार?"

याचं उत्तर द्यायला २०१७ मध्ये जावं लागेल.

त्या पावसाळ्यात ताई शेवटच्या वर्षाला होती. जुलैपासून यवतमाळच्या हॉस्पिटलात फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर येऊ लागले. कोणाला दिसेनासं झालेलं, कोणाला श्वास घेता येत नव्हता. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, आणि बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांचा फवारा वाऱ्याने सरळ तोंडावर येत होता. हातमोजे नाहीत, मास्क नाही, उघडं अंग. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन देत होते, माणसं वाचवत होते. तरी आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. बातमी राज्यभर मोठी झाली ती ऑक्टोबरमध्ये. तेव्हा चौकशी समिती आली, मंत्री आले, कॅमेरे आले.

ताई मला तेव्हा फोनवर म्हणाली होती, "कालच्या पेशंटच्या शेजारच्या गावचा पेशंट आज आला. परवा त्याच्याच गावचा येईन. आम्ही इथं बसून एकेक वाचवून राह्यलो. पण त्या गावात जाऊन 'आज फवारू नका' असं सांगायचं काम नेमकं कोणाचं आहे, हे मले चार वर्षांत कोणी शिकवलं नाही."

मला तेव्हा ते समजलं नव्हतं. मी थर्ड इयरला होतो, मला फक्त ती थकलेली वाटली.

चार वर्षांनी, इंग्लंडला पोहोचल्यावर, तिने पहिलं लेक्चर विलगीकरणाच्या खोलीत लॅपटॉपवर ऐकलं. विषय होता १८५४ चा लंडनचा कॉलरा. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरने कोणत्या घरात माणूस मेला याच्या खुणा नकाशावर केल्या, खुणा एका सार्वजनिक पाण्याच्या पंपाभोवती गोळा झालेल्या दिसल्या, आणि त्याने त्या पंपाचा दांडा काढून टाकायला लावला. हे शिकवून झाल्यावर तिने मला मेसेज केला, "त्यांनी पंपाचा दांडा काढला. आपला पंप चालूच राह्यला."

सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, याचं याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एमडी झालेला डॉक्टर खाटेवरच्या माणसाला वाचवतो. हे शिकलेला माणूस खाटा का भरताहेत ते शोधतो, आणि जुलैमध्ये शोधतो, ऑक्टोबरची वाट पाहत नाही. दोघेही लागतात. आपल्याकडे दुसऱ्याला डॉक्टरच मानत नाहीत. मेडिकल कॉलेजात हा विषय आहे, त्याला पीएसएम म्हणतात, आणि रँक खाली आला तर घ्यायचा विषय अशी त्याची ओळख आहे. कोविडमध्ये दीड वर्ष काढल्यावर ताईने ठरवलं होतं की आता रँक कितीही चांगला आला तरी हाच विषय घ्यायचा, इथेच, नागपूरला नाहीतर सेवाग्रामला. पण परीक्षेलाच तारीख नव्हती.

आणखी एक उदाहरण, तेही आमच्याच जिल्ह्यातलं. ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. घाटंजी तालुक्यात पाच वर्षांखालच्या बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना उलट्या झाल्या, हॉस्पिटलात ठेवावं लागलं, पुढे ती बरी झाली. देशभर बातमी झाली, कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, आणि आपण सगळे 'काय हा मूर्खपणा' म्हणून मोकळे झालो.

माझ्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी बैठक होते. तिला आम्ही चक्क पोस्टमॉर्टेम म्हणतो. तिथे 'कोणी केलं' हे विचारायची बंदी असते. विचारायचं ते असं की एका माणसाच्या एका चुकीने एवढं पडूच कसं शकलं? मध्ये अडवणारं काहीच का नव्हतं? ताईने बातमी वाचून हेच विचारलं होतं. बाटल्या सारख्या दिसत होत्या का? त्या माणसांची सलग कितवी ड्यूटी होती? प्रशिक्षण झालं होतं का, की कोविडमुळे उरकलं होतं? खोक्यांचा हिशेब चुकला तर आम्ही हे प्रश्न विचारतो. बारा लेकरांच्या बाबतीत आपण निलंबनावर थांबलो. हे प्रश्न विचारायला शिकवणारी जी पदवी आहे, ती घ्यायला ताई गेली.

आणि ही पदवी बाहेरून घेऊन येणं महाराष्ट्राला नवीन नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. अभय आणि राणी बंग नागपूरला शिकले, मग त्याच जॉन्स हॉपकिन्सला गेले, आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' सुरू झाली. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन मृत्यू किती कमी होतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज तुमच्या गावातली आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागे हे काम आहे. या चौघांनाही त्या वेळी कोणीतरी म्हणालं असणारच, की इथं पेशंट सोडून तिकडं कायले चालले?

*

आता ती गेली कशी, तेही ऐका. पळून जाण्याचं वर्णन यात बसतं का ते तुम्ही ठरवा.

मे २०२१ मध्ये परीक्षा चार महिने होणार नाही हे कळल्यावर तिने इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने दिलेली जागा घेतली. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले शिक्षक. कर्जासाठी घर तारण ठेवलं. त्या वेळी भारत ब्रिटनच्या लाल यादीत होता. तिथे गेलं तर दहा दिवस सरकारने ठरवलेल्या हॉटेलात, १७५० पौंड भरून. ८ ऑगस्टला भारत त्या यादीतून निघाला म्हणून तो खर्च वाचला. पण तिने घेतलेले दोन्ही डोस कोव्हिशील्डचे. लस ऑक्सफर्डमध्ये शोधलेली, पुण्यात बनवलेली, आणि तरीही भारतातलं प्रमाणपत्र तिथे चालत नव्हतं. ते चालू लागलं ११ ऑक्टोबरपासून. म्हणून तिला दहा दिवस खोलीत बंद राहावं लागलं. दीड वर्ष कोविडच्या पेशंटांत उभी राहिलेली, दोन्ही डोस घेतलेली डॉक्टर तिथल्या कागदावर लस न घेतलेली प्रवासी होती.

११ सप्टेंबरला, पीजी नीटच्या दिवशी, ती बॅग भरत होती. परीक्षेची फी भरलेली होती, हॉल तिकीट आलेलं होतं. ते तिने बॅगेत टाकलं. का, ते मी विचारलं नाही.

तिला निरोप द्यायला यवतमाळच्या बसस्टँडवर आम्ही तिघंच होतो. पेढे नव्हते. आईने डब्यात तिळाची चटणी आणि धापोडे दिले होते.

*

शेवटचा आरोप प्रश्नाच्या रूपात येतो, आणि मी गावी गेलो की तो रोज येतो. "परत येते का नाही ते?"

खरं सांगतो, मलाही माहीत नाही. २०२२ मध्ये तिची पदवी झाली. तिथे शिकलेल्याला तेव्हा दोन वर्षं काम करायचा व्हिसा मिळायचा, तो घेऊन ती एका नगरपालिकेच्या सार्वजनिक आरोग्य विभागात काम करते. तिकडे हे खातं नगरपालिकेकडे असतं. कोणत्या वस्तीतल्या मुलांचं लसीकरण राहिलंय, का राहिलंय, हे शोधायचं तिचं काम. व्हिसा येत्या हिवाळ्यात संपतो. मग एकतर तिथे पुढची नोकरी, नाहीतर परत.

गेले सहा महिने ती रात्री इकडच्या जाहिराती वाचते. मला स्क्रीनशॉट पाठवते. अकरा महिन्यांचा करार. पुढे वाढेल याची हमी नाही. शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात तिच्या पदवीचं नाव असलेली जागा तिला आमच्या जिल्ह्यात अजून सापडलेली नाही. परत आली तर ती पुन्हा एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी. म्हणजे २०१७ मध्ये जिथे उभी होती तिथेच, तारण ठेवलेल्या घराचे हप्ते भरत.

तरीही ती यावी असं मला वाटतं. डॉक्टर गेल्याची किंमत कोण भरतो हे मला कळतं. ती हिंजवडीत बसलेला मी भरत नाही. झरी-जामणीतली गरोदर बाई भरते, जिला रिकाम्या केंद्रावरून चाळीस किलोमीटर पुढे पाठवलं जातं. तो प्रश्न खरा आहे. म्हणूनच तो चुकीच्या माणसाला विचारला की मला संताप येतो. त्या बाईचं बिल एका सव्वीस वर्षांच्या मुलीच्या नावाने फाडलं की बाकी सगळे मोकळे सुटतात. परीक्षेची तारीख वारंवार हलवणारे सुटतात, जागा न भरणारे सुटतात, पगार अडकवणारे सुटतात, २०१७ मध्ये जुलै ते ऑक्टोबर झोपलेले सुटतात. आणि थाळी वाजवून कर्तव्य उरकलेला मीही सुटतो.

त्याग मागणं फुकट असतं, म्हणून तो मागितला जातो. पद निर्माण करायला पैसे लागतात. सेवाग्रामच्या कॉलेजात पूर्वी पीजीच्या प्रवेशासाठी दोन वर्षं खेड्यात काम केलेलं असावं लागायचं. त्यात त्यागाचं भाषण नव्हतं, सरळ व्यवहार होता. खेड्यात काम करा, ते मोजलं जाईल. ताईच्या अडीच वर्षांचं मोजमाप कुठल्या रकान्यात झालं? तिला मिळालं एक प्रमाणपत्र, 'कोविड योद्धा' असं छापलेलं. ते आईने लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय.

तेव्हा पुढच्या वेळी 'परत येते का' असं विचारायच्या आधी आपल्या आमदाराला, जिल्हा परिषदेच्या माणसाला एवढंच विचारा की सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात साथ कुठे सुरू होतेय हे पाहणारा, तेच शिकलेला, कायम पदावरचा माणूस किती तालुक्यांत आहे? उत्तर मिळालं की ताईला कळवा. ती अर्ज करेल. आणि उत्तर मिळालं नाही, तर पळून कोण गेलं याचा निर्णय तुम्हीच करा.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आमच्याकडे पाऊस उघडलाय, फवारणी सुरू आहे. तिने माझी चौकशी केली नाही, आईचं गुडघेदुखीचं विचारलं नाही. बाबांना फोन द्यायला सांगितला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"बाबा, वारा कोणत्या बाजूनं आहे सध्या?"

बाबांनी सांगितलं.

"मजुरांना हातमोजे दिले का? काकांच्या वावरात कोण फवारून राह्यलं? त्यांना मास्क नेऊन द्या आजच. अन् सांगा मी सांगितलं म्हणून."

बाबा मास्क घेऊन काकांच्या वावरात गेले. काकांनी ते मजुरांना वाटले, एक स्वतः लावला आणि विचारलं, "कधी येते म्हणते ते?"